सातबाऱ्याचे स्थलांतर



इतिहासावर बोलण्यासाठी विद्वान माणूस बोलवावा, असा आपल्या व्याख्यानमालेचा प्रघात आहे. यंदा तो मोडून चिटणिसांनी माझ्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसाला उभे केले. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते फौंड्रीच्या भट्टीपाशी आणि करवीर नगर वाचन मंदिराच्या बाकावर. तेव्हा सनावळीत कोठे अडखळलो तर सांभाळून घ्यावे.

विषय मी असा निवडला की, तो ऐकून चिटणिसांच्या कपाळाला आठ्या पडल्या. जमिनीच्या नोंदी कुलकर्ण्याच्या दप्तरातून निघून, लोक ज्याला आज क्लाऊड म्हणतात तेथपर्यंत कशा गेल्या, हे मला सांगायचे आहे. यात इतिहास कोणता, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, राजे किती आले नि किती गेले, पण शेताच्या बांधावरचे भांडण प्रत्येक राजवटीत नोंदीपाशीच येऊन थांबले. ज्याच्या हाती नोंद त्याच्या हाती रान. म्हणून नोंदीने जागा बदलली की माणसाने सावध व्हावे.

आपली राजारामपुरीच पाहा. कोल्हापूरच्या जुन्या पेठांना नावे आहेत. येथे गल्ल्यांना आकडे आहेत. आठव्या गल्लीत राहणाऱ्याला आपण कोणत्या रकान्यात राहतो हे जन्मापासून ठाऊक असते. रकान्याची सवय असलेल्या लोकांपुढे मी बोलतो आहे, त्यामुळे माझे काम थोडे हलके झाले.

पूर्वी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. कुलकर्णीपण वतनाचे असल्याने बाप गेला की मुलगा लिही, आणि लिही ते मोडीत. कुणब्याला आपल्याच रानाचा हिशेब पाहायचा तर दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसावे लागे, आणि तेथे जे वाचून दाखवतील ते खरे मानावे लागे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानात कुलकर्णी वतन बरखास्त केले व पगारी तलाठी नेमले. तलाठ्याचे काम शिकवण्याची सोय केली, आणि त्या कामावर सर्व जातींची माणसे, महार समाजातील माणसेसुद्धा, घेतली. वतनदारांनी कडाडून विरोध केला. या घटनेकडे आपण सामाजिक सुधारणा म्हणून पाहतो आणि ते बरोबरच आहे. परंतु मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. हे नोंदींचे स्थलांतर होते. एका घराच्या फडताळातले दप्तर सरकारी चावडीत आले आणि ते वाचणारा माणूस बदलला. पुढे लिपीही बदलली, मोडी मागे पडून बाळबोध आली. मोडी वाचणारे इतके थोडे उरले की, २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा त्यांना एकाएकी भाव आला. कागद शाबूत होता, अक्षर शाबूत होते, वाचणारा तेवढा नव्हता.

नोंदी नव्या साच्यात घालताना काय होते याचा एक धडा आपल्या मुलखात फार पूर्वी गिरवून झालेला आहे. पेशवाई गेल्यानंतर दहा वर्षांच्या आत, प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी हाती घेतली. माणूस हुशार, विलायतेतले अर्थशास्त्र शिकून आलेला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीतून खर्च वजा जाता काय उरते हे काढायचे आणि त्याचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून बसवायचा, असे त्याचे गणित होते. कागदावर गणित सुंदर होते. परंतु मोजणी चुकीची, प्रतवारी चुकीची, आणि हाताखालच्या माणसांनी जो पैसे देईल त्याची जमीन हलकी लावलेली. १८३० साली नवे दर लागू झाले आणि थोड्याच वर्षांत रयत जमिनी टाकून चालू लागली. पुढे १८३५ पासून इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट यांना तेच काम पुन्हा करावे लागले. त्यांनी मोठे गणित बाजूला ठेवले. शेत हा एकक धरला, प्रत ठरवण्याची रीत सोपी केली, आणि कारकुनाने मोजलेल्या काही शेतांवर वरिष्ठाने स्वतः जाऊन साखळी टाकून पाहावे असा नियम घातला. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालावर मुंबई इलाख्याची सारी मोजणी उभी राहिली. माझ्या मते त्यांची खरी करामत दर ठरवण्यात नव्हती, ती या तपासणीत होती.

मुंबई इलाख्यात १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा झाला. आजचा सातबारा त्याच वंशातला आहे. गाव नमुना सात म्हणजे हक्काचा, बारा म्हणजे पिकाचा, सहा म्हणजे फेरफाराचा आणि आठ-अ म्हणजे खात्याचा. बोलताना आपण उतारा म्हणतो, कारण मूळ वही तलाठ्याकडे राही आणि आपल्याला मिळे ती त्यातून उतरवलेली प्रत.

आता यंत्राकडे येतो. चालू शतकाच्या आरंभी आपल्याकडे संगणकावर छापलेले सातबारे मिळू लागले. नंतर केंद्र सरकारने २००८ साली भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. महाराष्ट्रात ई-फेरफार नावाची प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केली. आधी तालुक्याच्या कचेरीत एका यंत्रावर असलेल्या नोंदी पुढे राज्याच्या माहिती केंद्राकडे गोळा झाल्या. दिल्लीने २०१४ साली सरकारी कामासाठी जो क्लाऊड काढला त्याला नावही मेघराज असे दिले. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये आपल्या खात्यांनी खासगी कंपन्यांचा क्लाऊड वापरावा असे धोरण जाहीर केले.

क्लाऊड म्हटल्यावर कित्येकांची नजर वर जाते. वर पाहू नका. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे येथे एके काळी कारखान्यांचे भोंगे वाजत. त्याच पट्ट्यात आज मोठमोठ्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. आत ओळीने संगणक, त्यांना थंड ठेवणारी यंत्रे, आणि वीज गेली तर चालणारी जनित्रे. क्लाऊड तो हाच. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात आणि अमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी भाड्याची केंद्रे उघडली. स्वतःचे यंत्र विकत घेऊन कचेरीत ठेवण्याऐवजी दुसऱ्याच्या इमारतीतले यंत्र भाड्याने घ्यायचे, काम वाढले की जास्त घ्यायचे, सरले की सोडायचे. शेतकऱ्याला हे नवीन नाही. मळणीयंत्र प्रत्येक जण विकत घेत नाही. मात्र एवढ्या मोठ्या इमारतीत पाळी सुटताना बाहेर पडणारी माणसे मोजकीच दिसतात, हे पाहून माझ्यासारख्याच्या मनात जे यायचे ते येतेच. असो.

भाड्याची जागा मिळाली म्हणून बिऱ्हाड लागत नाही. जुन्या नोंदी तेथे न्यायच्या तर तीन कामे करावी लागतात. जुन्या जागेतून माहिती उपसायची, ती नव्या साच्यात बसेल अशी बदलायची, आणि नव्या जागी भरायची. आमच्या फौंड्रीत हेच चालते. भंगार क्युपोलात वितळवायचे, वर आलेली मळी, जिला आम्ही स्लॅग म्हणतो, ती काढून टाकायची, आणि रस साच्यात ओतायचा. उपसणे आणि ओतणे ही अंगमेहनतीची कामे. कसब सगळे मधल्या कामात. लोखंडात मळी ओळखता येते, ती वर तरंगते. नोंदीतली मळी कोणती नि लोखंड कोणते, हे मात्र तरंगून वर येत नाही. ते कोणी तरी ठरवावे लागते.

मी तीन उदाहरणे देतो, म्हणजे अडचण कशी असते ते कळेल. पहिले आकड्याचे. जुने क्षेत्र एकर-गुंठ्यात, नवे हेक्टर-आरमध्ये. एक गुंठा म्हणजे १.०१ आर आणि वर थोडेसे. समजा तीन भावांची मिळून दीड एकर, म्हणजे ६० गुंठे जमीन आहे. एकूण क्षेत्र ६०.७० आर भरते, पूर्ण आकडा केला तर ६१. प्रत्येक भावाचे २० गुंठे म्हणजे २०.२३ आर, पूर्ण केले तर २०. तिघांचे मिळून ६०. कोणी चोरी केली नाही, कोणी बांध सरकवला नाही, पण एक आर, म्हणजे १०० चौरस मीटर जमीन, कागदावर कोणाचीच राहिली नाही. यंत्र असा सातबारा अडवते, बेरीज जुळत नाही म्हणते. आणि ते बरोबरच म्हणते.

दुसरे अक्षराचे. जुन्या संगणकांवर मराठी लिहिण्याच्या पद्धती अनेक होत्या. एका पद्धतीत ज्या क्रमांकाला ‘म’ धरले त्याच क्रमांकाला दुसरीत भलतेच अक्षर. पुढे साऱ्या जगाच्या लिप्यांसाठी युनिकोड नावाचा एकच क्रमांकपट आला आणि जुने लिखाण त्यात बदलून घ्यावे लागले. साधी अक्षरे निमूट जातात. ‘कुऱ्हाडे’ किंवा ‘बऱ्हाटे’ यांच्यासारख्या नावातला अर्धा र मात्र वाटेत मोडतो. मग एकच माणूस दोन आडनावांनी दोन खात्यांवर बसतो. त्यातून आपल्या लोकांची रीत अशी की, बारशाला रामचंद्र, शाळेत रामू आणि दप्तरात रामा. माणसाला तिघे एक आहेत हे कळते, यंत्राला ते तीन शेतकरी वाटतात.

तिसरे उदाहरण मी स्वतः पाहिलेले आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. आमच्या संघटनेचा एक सभासद, मोल्डिंगवर काम करणारा. तीन भावांतला धाकटा. गावी वडिलार्जित जमीन. वडील वारले तेव्हा पूर्वीच्या रीतीप्रमाणे थोरल्याचे नाव लागले आणि नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे पडली. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असा त्याचा अर्थ. म्हणजे थोरला केवळ सगळ्यांच्या वतीने कारभार पाहणारा, हक्क तिघा भावांचा आणि बहिणींचाही. संगणकावर नोंद चढवताना कोणाला तरी ही अक्षरे मळीसारखी वाटली असावीत. नावाच्या रकान्यात नाव हवे, अक्षरे कशाला? ती गळली. छापील सातबाऱ्यावर थोरला एकटाच मालक झाला. उताऱ्याचा कागद स्वच्छ, छपाई सुरेख. हा आमचा गडी कित्येक वर्षे तो उतारा पेटीत घालून निर्धास्त होता.

येथे महाराष्ट्राच्या महसूल खात्याने केलेल्या एका गोष्टीचे श्रेय दिलेच पाहिजे. यंत्रावरचा सातबारा हाताने लिहिलेल्या मूळ सातबाऱ्याशी तंतोतंत जुळल्याशिवाय तो अंतिम धरायचा नाही, असे ठरले. राज्यात सुमारे ४४ हजार गावे आणि अडीच कोटींच्या घरात सातबारे. २०१७ च्या उन्हाळ्यात त्यासाठी चावडी वाचन सांगितले गेले. म्हणजे गावकऱ्यांना जमवायचे, तलाठ्याने यंत्रातून काढलेली प्रत मोठ्याने वाचायची, ज्याचे त्याने ऐकायचे, चूक असेल तर तेथेच सांगायची, आणि ती दुरुस्त झाल्यावर तलाठ्याने व त्याच्या वरिष्ठांनी तसे घोषणापत्र द्यायचे. संगणकाच्या धंद्यात या पायरीला चाचणी म्हणतात. नवे काम लोकांपुढे लावण्याआधी ते बाजूच्या यंत्रावर चालवून पाहतात, बेरजा जुळवतात, चुकले तर मागे फिरता यावे म्हणून जुनी प्रत हाती ठेवतात. परंतु ए.कु.मॅ. गळले आहे, हे कोणती बेरीज सांगेल? एकूण क्षेत्र बरोबर, खातेदाराचे क्षेत्र बरोबर, मेळ बसला. ती चूक पकडण्यासाठी ज्याचे नाव गळले तो माणूस समोर असावा लागतो, आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात कोणी तरी वाचावे लागते.

आमच्या सभासदाने त्या दिवशी रजा मागितली, ती मिळाली नाही. बिनपगारी गेला. वाचन सुरू झाले आणि त्यांचा गट आला तेव्हा थोरल्याचे एकट्याचे नाव निघाले. हा काही बोलणार, त्याआधी थोरला भाऊच उठला. वय झालेला माणूस, काठी टेकीत पुढे आला आणि म्हणाला, “रावसाहेब, माझ्या नावापुढची तीन अक्षरं कुठं गेली? त्यात माझी भावंडं हायत.” तलाठ्याने जुनी वही काढली. अक्षरे तेथे होती, शाई फिकी झालेली पण स्पष्ट. जमीन महसूल अधिनियमाच्या १५५ व्या कलमाखाली लेखनातली चूक दुरुस्त करता येते, तसा प्रस्ताव तहसीलदारांकडे गेला आणि पुढे दुरुस्ती झाली. आता असा थोरला भाऊ प्रत्येक घरात असतो असे मी म्हणणार नाही. संघटनेच्या कामात इतकी वर्षे काढल्यावर तसे म्हणवतही नाही. आणि प्रत्येक गावात वाचन मनापासून झाले असेही नाही. दोन माणसे जमवून सह्या उरकल्याच्या कथा मी ऐकल्या आहेत.

परंतु त्या सह्या उरकणाऱ्याची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती फारसे कोणी सांगत नाही. दिवसा सर्व तलाठी एकदम कामाला बसले की यंत्रणा गुदमरे. पान उघडायला घटका जाई. म्हणून कित्येक जण रात्री जागून नोंदी भरत. गावातले वाचन, पंचनामे, निवडणुकीची कामे हे सगळे होतेच. तलाठी संघटनांनी या प्रकाराविरुद्ध आंदोलने केली तेव्हा शहरातल्या लोकांनी नाके मुरडली, यांना यंत्र नको आहे म्हणाले. मला तसे वाटत नाही. यंत्र नको असणारा माणूस रात्री दोन वाजता यंत्रापुढे बसत नाही. अडीच कोटी उतारे क्लाऊडवर गेले असे आपण म्हणतो. ते आपण होऊन गेले नाहीत, कोणी तरी एकेक करून नेले.

१ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. घरबसल्या उतारा मिळू लागला आणि तो कायद्याने ग्राह्य धरला गेला. तलाठ्याच्या दारातले हेलपाटे कमी झाले, हे नाकारणारा माणूस शेतकरी नसावा. १५ ऑगस्ट २०२१ पासून बारा नंबरची पीकपाहणीही शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून छायाचित्र काढून नोंदवावी अशी सोय झाली. जुन्या पिढीतल्या कुळांना शिसपेन्सिलीने केलेली पाहणीची नोंद आठवते. मालकाची मर्जी फिरली की ती खोडली जाई. यंत्रात पेन्सिल नाही, केलेल्या बदलाची तारीख नि नाव मागे राहते, हा मला या सगळ्यातला मोठा लाभ वाटतो.

जेथे घाई झाली तेथे काय झाले तेही जवळच आहे. जून २०१७ मध्ये राज्याने शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली. अर्ज यंत्रावर भरायचे, बँकांनी आपली माहिती पाठवायची, आणि दोन्ही जुळवून नावे काढायची, असे ठरले. १८ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, काही शेतकऱ्यांना समारंभाने प्रमाणपत्रे दिली गेली. परंतु बँकांच्या वह्या एका तऱ्हेच्या, अर्ज दुसऱ्या तऱ्हेचे. नावे, खाती, आधारचे क्रमांक जुळेनात आणि पैसे जमा होण्यास विलंब लागला. नंतरच्या कर्जमुक्तीत, फेब्रुवारी २०२० मध्ये, प्रथम प्रत्येक जिल्ह्यातील दोन गावांच्या याद्या लावल्या, शेतकऱ्याने अंगठा लावून आपली रक्कम मान्य केली, आणि मग बाकीची गावे घेतली. साखळी टाकून आधी थोडे मोजून पाहण्याची ही विंगेटसाहेबाचीच रीत झाली.

आता माझे गाऱ्हाणे. सातबाऱ्याला निदान चावडी मिळाली. कामगाराच्या नोंदी जेव्हा खतावणीतून यंत्रात गेल्या, तेव्हा गिरणीच्या किंवा कारखान्याच्या दारात उभे राहून त्या कोणी वाचल्या नाहीत. आमच्या एका सभासदाच्या जन्मतारखेतला महिना नि दिवस उलटे पडले होते, हे तो निवृत्त झाल्यावर कळले. दुसऱ्याच्या नावात वडिलांचे नाव आडनावाच्या जागी गेले. ज्या कचेरीत आम्ही खेटे घातले तेथला कारकून भला होता. तो म्हणाला, “यंत्रात जे आहे तेच मला दिसतं.” मी मूळ खतावणी मागितली, तर ती रद्दीत गेल्याचे कळले. थोरल्या भावाची काठी येथे काय कामाची? मागे वळून पाहायला जुनी वहीच नव्हती.

म्हणून आम्ही गेल्या काही वर्षांपासून एक करतो. ज्या कारखान्यात आमची संघटना आहे तेथे वर्षातून एकदा, पाळी सुटताना, प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख, नोकरीस लागल्याचा दिवस आणि वारसाचे नाव मोठ्याने वाचतो. पहिल्या वर्षी मुले हसली. दुसऱ्या वर्षी एकाने वारसाच्या जागी आईचेच नाव राहिले आहे, बायकोचे लावायचे आहे असे पुढे येऊन सांगितले. हसणे तेथे थांबले.

महसूल खात्यालाही पुन्हा चावडीकडे वळावे लागले आहे. क्लाऊडवरच्या सातबाऱ्यांवर असंख्य नावे मृतांची आहेत. वारसांची नोंद झालेली नाही, त्यामुळे ना कर्ज मिळते ना नुकसानभरपाई. बुलढाणा जिल्ह्यात आधी करून पाहून, १ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम सर्व राज्यात सुरू झाली. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्याने गावात चावडी वाचन करावे आणि मयत खातेदारांची यादी करावी, ही त्या मोहिमेची पहिली पायरी. ए.कु.मॅ.सारख्या जुन्या शेऱ्यांचा निकाल लावण्याचे कामही निघाले आहे. आमचा तो मोल्डिंगवाला सभासद आता निवृत्त होऊन गावीच असतो. थोरले भाऊ दोन वर्षांपूर्वी वारले. परवा त्याचा फोन आला होता. वाचनाची तारीख लागली आहे, बहिणींना गाडीभाडे पाठवून बोलावून घेतो आहे, म्हणाला.